सरनामी आजी

आजींना चार भाषा येत होत्या, आणि त्यांतली जी त्यांची स्वतःची होती तिला त्या भाषा म्हणायला तयार नसत. डच त्यांना नगरपालिकेच्या पत्रांपुरती, डॉक्टरांपुरती आणि नातवंडांपुरती येई. बाजारात सुरिनामच्या, म्हणजे त्यांच्या दक्षिण अमेरिकेतल्या मायदेशाच्या, क्रिओल बायका भेटल्या की त्यांच्या भाषेत, स्रानानमध्ये, बोलणं सुरू व्हायचं. मग घासाघीस, थट्टामस्करी, सगळं मोठ्या आवाजात. देवळात आणि माझ्याशी त्या हिंदी बोलायच्या. कडक इस्त्रीची, कुठे चुणी पडू न देणारी हिंदी. राहिली चौथी. तिचा विषय निघाला की हात झटकून म्हणायच्या, "ऊ तो टूटल भासा है." हे वाक्यही त्याच भाषेतलं असायचं.

त्या भाषेला सरनामी म्हणतात. ती मी पहिल्यांदा ऐकली हेग शहरात, पॉल क्रूगरलानच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्सला आलो आणि घर मिळालं ते नेमकं या वस्तीत. खाली उतरलं की कारली, दुधी, भेंडी; सोनाराचं दुकान, साड्यांचं दुकान, रोटीची छोटी हॉटेलं, आणि टोपल्यांतून पिवळ्याधमक मादाम जानेट मिरच्या, ज्यांच्यापुढे आपली लवंगी मवाळ वाटावी. चेहरे आपल्याकडचे. बोलणं मात्र कान देऊन ऐकलं तर अर्धंमुर्धं कळायचं. एखादं वाक्य थेट तुलसीदासांच्या चौपाईतून उतरल्यासारखं वाटेपर्यंत पुढचा शब्द डच निघायचा. आजी आमच्याच जिन्यावर, खालच्या मजल्यावर राहत. अख्ख्या इमारतीच्या त्या आजी होत्या, मलाही दुसरं काही म्हणायची गरज पडली नाही.

आजींकडे एक कागद होता. नातवाने अभिलेखागारातल्या नोंदींवरून छापून आणलेला, त्यांच्या आज्याचा. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण: डाव्या पायावर व्रण. जिल्हा बस्ती. त्यापुढे गावाचं नाव होतं, पण ते कलकत्त्यातल्या कारकुनाने त्याला ऐकू आलं तसं लिहिलेलं आणि सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोत, डच कारकुनाने आपल्या परीने उतरवून घेतलेलं. आम्ही दोघींनी नकाशा पसरून, भिंग घेऊन बस्ती, गोरखपूर, फैजाबाद सगळं धुंडाळलं. ते गाव सापडलं नाही. आज्याला आडनाव नव्हतं. त्याचं एकुलतं एक नाव डच स्पेलिंगात अख्ख्या वंशाचं आडनाव होऊन बसलं होतं, दारावरच्या पाटीवर तेच होतं. आजी बोट ठेवून मला पुन्हा पुन्हा विचारायच्या, व्रण कशाचा असेल? जणू गाव सापडलं नाही तरी तेवढं कळलं तर चालणार होतं.

१८७३ ते १९१६ या काळात चौतीस हजारांवर माणसं कलकत्त्याहून सुरिनामला नेली, त्यांतला हा एक. डचांनी १८६३ मध्ये गुलामगिरी बंद केली, मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांना बांधून ठेवलं आणि ती मुदत संपायच्या आत इंग्रजांशी करार करून हिंदुस्थानातून मजूर आणायची सोय लावली. 'लाला रूख' हे पहिलं जहाज ५ जून १८७३ ला पारामारिबोला लागलं. पाच वर्षांचा करार, म्हणून ही माणसं स्वतःला 'कंत्राकी' म्हणत. आरकाठी, म्हणजे मजूर गोळा करणारे दलाल, गावोगाव सांगत फिरत की बोलावणं श्रीराम देशाचं आहे. सुरिनामचा श्रीराम असा केला होता. आजींच्या घरात ही हकिकत चार पिढ्या चालत आली होती, तरी ती सांगताना त्यांचा राग शिळा झालेला नसायचा. आफ्रिकेच्या टोकाजवळच्या खवळलेल्या पाण्याला त्या 'पगला समुंदर' म्हणत. तो त्यांनी पाहिला नव्हता, पण सांगताना जपमाळ घट्ट धरायच्या.

त्या प्रवासात काय घडलं याचा विचार मी अनेकदा करते. कलकत्त्याच्या डेपोत, मग तीन महिने जहाजावर, मग उसाच्या मळ्यावरच्या बराकींत अवधी बोलणारा, भोजपुरी बोलणारा, मगही बोलणारा, ब्रज बोलणारा असे सगळे एका छपराखाली आले. एकाची बोली दुसऱ्याला धड कळत नव्हती. घरी असताना ते एकमेकांच्या हातचं पाणी प्यायले नसते. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी या सगळ्यांतून एक भाषा तयार केली. 'ऊ बोलिस' हे अवधीच्या वळणाचं क्रियापद, भोजपुरीचा 'हमार', दुकान-शाळेला स्रानानमधले शब्द, कचेरीला डच. हिला तुटकी म्हणायचं असेल तर मराठीतून फारसी आणि पोर्तुगीज काढून मग उरलेली बोलून दाखवावी. सरनामीला व्याकरण आहे, काळ आहेत, पुरुषानुसार बदलणारी रूपं आहेत. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी ती लिहून ठेवली आहेत. 'लाला रूख' लागण्याआधी ही भाषा पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नव्हती. ज्यांच्याकडून गाव, जात, बायकोमुलं, परतीची वाट सगळं सुटलं त्यांनी ती केली. त्या माणसांनी मागे ठेवलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सर्वांत मोठी वाटते.

करार संपला की परतीचं जहाज फुकट मिळे. १८९५ पासून सरकारने उलटी लालूच दाखवली: परतीचा हक्क सोडा, शंभर गिल्डर आणि जमीन घ्या. तिघांतला साधारण एक जण परत गेला, बाकीचे राहिले. आजींचं घराणं पुढे देशाच्या पश्चिम टोकाला, निकेरीच्या भातखाचरांत स्थिरावलं. निकेरी म्हणजे सपाट, समुद्राच्या पातळीला टेकलेली जमीन. पाणी आत घ्यायचं, कोंडायचं आणि वेळेवर बाहेर सोडायचं यातच तिथलं शेतकीचं सगळं शहाणपण. आजींचं बालपण त्या पाण्यात गेलं होतं.

मग हिंदी आली, आणि आली ती मानाच्या जागी. रामचरितमानस होतंच. मुन्शी रहमान खान नावाचे एक मुसलमान गृहस्थ हमीरपूर जिल्ह्यातून १८९८ मध्ये मजूर म्हणून सुरिनामला गेले, तिथे लोकांना रामायण वाचून दाखवू लागले, दोहे रचले आणि आपलं आत्मचरित्र हिंदीत लिहून ठेवलं. ते १९७२ पर्यंत जगले. आजींच्या वडिलांनी त्यांचं नाव आदराने घेतलेलं आजींना आठवत होतं. पुढे आर्य समाजाचे प्रचारक आले, सनातनवाल्यांची देवळं झाली, आणि दोन्हीकडे शाळेनंतर हिंदीचे वर्ग भरू लागले. पारामारिबोच्या थिएटरांतून हिंदी सिनेमे लागू लागले. डचांच्या राज्यात कुली म्हणवून घेणाऱ्या माणसाला या हिंदीने पाठीचा कणा दिला, हे मी कधीही नाकारणार नाही. आपली एक मोठी लिपी आहे, मोठे ग्रंथ आहेत, एक मोठा देश ही भाषा बोलतो, हे कळलं की माणूस ताठ चालतो. आजींचे धाकटे भाऊ हिंदीच्या परीक्षा पास झाले होते. त्यांचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत होतं आणि त्याची फोटोप्रत आजींच्या दिवाणखान्यात, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खालचं गावाचं नाव वाचून मला बसायला खुर्ची शोधावी लागली. वर्धा.

माझं माहेर वर्ध्याचं. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने आमच्या गावात निघाली आणि तिच्या परीक्षांवर आमचं घर चाले असं म्हटलं तरी चालेल. पैशाने नव्हे, वेळापत्रकाने. बाबा सकाळी शाळेत शिकवत आणि संध्याकाळी आमच्या पडवीत प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद यांचे वर्ग घेत. शिक्षक, टपालखात्यातले कारकून, लग्न ठरलेल्या मुली, हातमागावर काम करणारे दोघे भाऊ. सतरंजीवर बसून सगळे 'ने' प्रत्यय कुठे लागतो ते घोकायचे. बाबांची मातृभाषा मराठी, पण हिंदीवर त्यांची जी श्रद्धा होती ती धर्मश्रद्धेच्या जातीची होती. जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन झालं. इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम प्रमुख पाहुणे होते, आणि सगळी धावपळ करणाऱ्यांत पुढे होते अनंत गोपाळ शेवडे, म्हणजे पुन्हा एक मराठी माणूस. बाबा रजा काढून गेले. परत आले तेव्हा रामगुलामांबद्दल बोलताना त्यांचा गळा भरून आला होता. शंभर वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेल्या मजुरांची पोरं आपल्या भाषेत भाषण करतात, ते म्हणाले. संयुक्त राष्ट्रसंघात हिंदीला स्थान मिळावं असा ठराव झाला, तो त्यांनी आम्हाला जेवताना वाचून दाखवला.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबरला, सुरिनाम स्वतंत्र झालं. त्याच्या आगेमागे देशातली सुमारे एक तृतीयांश माणसं डच पासपोर्ट हातात असेपर्यंत नेदरलँड्सला निघून गेली. आजी, त्यांचे यजमान आणि मुलं त्या विमानांतल्या एकात होती.

म्हणजे वर्ध्याच्या पडवीत बाबा आणि निकेरीत आजींचे भाऊ, एकाच अभ्यासक्रमाची दोन टोकं धरून बसले होते. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या उठल्या आणि माझ्या पाया पडायला लागल्या. मी त्यांना कसंबसं अडवलं. माझ्या नव्हे, वर्ध्याच्या पडत होत्या. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या माझ्याशी अधिकच शुद्ध बोलायचा प्रयत्न करत राहिल्या. 'आप बैठिए', 'आप लीजिए'. पुढ्यात उडदाच्या डाळीचा गरम बारा आणि चटणी, आणि दोघींच्या मध्ये ती 'आप'.

एकदा शहरातल्या एका सभागृहात भारतातून आलेल्या कथेकरी महाराजांची कथा होती. मध्यंतरात प्रसाद वाटायला आजी पुढे होत्या, महाराजांनी काही विचारलं, आणि आजींच्या तोंडून गडबडीत घरची भाषा निघून गेली. महाराज हसले. मग व्यासपीठावर बसल्यावर माइकवरून म्हणाले की आपण इतक्या दूर येऊन धर्म टिकवला हे थोर आहे, आता भाषाही शुद्ध करून घ्या. टाळ्या पडल्या. आजींनीही वाजवल्या. घरी परतताना ट्राममध्ये मी रागाने नुसती धुमसत होते आणि आजी माझी समजूत घालत होत्या की महाराजांचं खरंच आहे. त्यांच्या मनात कुणाबद्दल राग नव्हता. स्वतःच्या जिभेबद्दल लाज होती, आणि ती इतकी जुनी होती की त्यांना ती लाज वाटतही नव्हती. ते त्यांना साधं वास्तव वाटत होतं.

ही लाज मला ओळखीची होती. माझी आई आर्वीकडची. घरात, मोटेवर, बहिणींशी ती वऱ्हाडीत बोलली की ऐकत बसावं; तिच्या तोंडात म्हणी तयार असायच्या, शिव्यासुद्धा देखण्या असायच्या. पुण्याचे पाहुणे आले की हीच बाई चहाचा ट्रे ठेवून आत जायची आणि आतच राहायची. कुणी विचारलंच तर दोन शब्दांत उत्तर. तिला कुणी बोलू नको म्हटलं नव्हतं. तिच्या वाक्याला समोरून किंचित स्मित येई, तेवढंच पुरे होतं. प्रमाणभाषा नको असं मी म्हणत नाही, मी तिच्यातच लिहिते आहे. पण तिच्या दाराशी चपला काढायला लावाव्यात तशी माणसाची बोली काढायला लावली की आत जो माणूस येतो तो अर्धा येतो.

सरनामीत लिहिणारे नव्हते असं नाही. जीत नराइन हे डॉक्टर, नेदरलँड्समध्ये राहत असताना त्यांनी सरनामीत कविता लिहिल्या. 'दाल भात चटनी' १९७७ मध्ये आलं. रबिन बलदेवसिंग यांची 'स्तिफा' ही या भाषेतली पहिली कादंबरी मानतात, ती १९८४ची. हेच पुढे हेगच्या नगरप्रशासनात मोठ्या पदावर गेले. १९८६ मध्ये सुरिनामने रोमन लिपीत सरनामीचं शुद्धलेखन ठरवून दिलं. या तरुणांनी भांडण मांडलं होतं की हिंदी आमची पूजेची भाषा असेल, पण आई रागावली ती सरनामीत. मी आजींना त्या कवितांबद्दल सांगितलं तर त्या कोड्यात पडल्या. चुलीपुढचं बोलणं छापतं कोण? आणि छापलं तर वाचतं कोण?

असेच मजूर नेलेल्या दुसऱ्या देशांत तर याहून वाईट घडलं. त्रिनिदादला सव्वा लाखाच्या वर माणसं गेली, तिथली भोजपुरी आता म्हाताऱ्यांबरोबर संपत आली आहे. भाषाशास्त्रज्ञ पेगी मोहन यांनी तिच्या मरणाचा अभ्यासच केला. गयानातही तेच. मॉरिशसमध्ये भोजपुरी बायकांच्या 'गीत-गवई'ला २०१६ मध्ये युनेस्कोने वारशाचा मान दिला, आणि घरात मुलं क्रिओल बोलतात. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी घरांचंही तसंच: गणपतीत आरत्या मराठीत, जेवणं क्रिओलमध्ये. फिजीने जरा दम धरला. सुब्रमणी यांनी २००१ मध्ये 'डउका पुरान' ही जाडजूड कादंबरी गावठी म्हणून हिणवलेल्या फिजी हिंदीतच लिहिली. विश्व हिंदी संमेलनं होत राहिली. सातवं २००३ मध्ये थेट पारामारिबोला झालं, बारावं २०२३ मध्ये फिजीत नांदीला. पारामारिबोच्या संमेलनाचे फोटो आजींनी कापून वहीत चिकटवले होते. सगळ्या पाहुण्यांचे गळे हारांनी भरलेले. आजींच्या स्वयंपाकघरात तेव्हा नातवंडं शेंगदाणे खात डचमध्ये भांडत होती.

आजींनी नातवंडांना सरनामी शिकवली नाही, म्हणजे शिकवू नये असं ठरवलं. मुलं शाळेत गेली तेव्हा बाईंनी घरी डच बोला म्हणून सांगितलं होतं, ते एक. दुसरं म्हणजे शिकवायचीच तर खरी हिंदी शिकवावी, ही मोडकी कशाला? त्यासाठी शनिवारी देवळाच्या वर्गाला पाठवलं. तिथे मुलं 'क कमल का' शिकली, चार प्रार्थना पाठ केल्या आणि मोठी झाल्यावर यायची थांबली. खरी हिंदी घरात कुणी बोलत नव्हतं, आणि घरात जी बोलली जात होती ती खरी नव्हती. या दोहोंच्या मधल्या फटीतून एक भाषा निसटून गेली. डचने मारली असं सगळे म्हणतात. डच भाषेचा वाटा आहेच, पण तिने नुसती रिकामी जागा घेतली. जागा आधी आपल्याच माणसांनी, फार प्रेमाने आणि आदराने, रिकामी करून दिली होती. बाबांच्या पडवीतल्या त्या सतरंजीवर मी वाढले, तरी मला हे लिहिणं भाग आहे.

एक जागा मात्र बरीच वर्षं भरलेली होती. रविवारी संध्याकाळी, निकेरीत दुपारची जेवणं उरकायच्या सुमाराला, आजी आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावायच्या. सुरिनाम चार-पाच तास मागे. जमिनीतून आवाज वर यायचा. तो माझ्या ओळखीच्या आजींचा नसायचाच. जाड, मोकळा, खालच्या पट्टीतला. एकीने काही बोलायचं, मग हसण्याचा लोंढा, मग कुणाच्या तरी सुनेची बारीक चौकशी, मधेच गाण्याची ओळ. बहिणीने तिकडून पुढची म्हणायची असावी, कारण आजी थांबून हूं हूं करत ताल धरायच्या. आजींच्या आयुष्यातली ती एक माणूस होती जिच्यासमोर त्यांची एकही भाषा मोडकी नव्हती. ती बहीण एका पावसाळ्यात गेली. पुढच्या रविवारी खालचा मजला गप्प होता. मी जिना उतरून गेले. आजींनी दार उघडलं, माझा हात धरून आत नेलं आणि म्हणाल्या, "बइठ." आपही नाही, बैठिएही नाही. त्या दिवसापासून त्या माझ्याशी सरनामीत बोलू लागल्या. अर्धं कळायचं, अर्धं मी तुलसीदासांवरून आणि वर्ध्याच्या स्टेशनावर लहानपणी ऐकलेल्या पूर्वेकडच्या हमालांच्या बोलण्यावरून जुळवून घ्यायची. उत्तर हिंदीत द्यायची. त्यांना चालायचं.

मग विसर पडू लागला. आधी औषधं, मग नावं. आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसं, शेवटी शिकलेली भाषा सगळ्यांत आधी गेली. डच गेली. मुलांना त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथल्या मुली मायाळू होत्या, पण त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. काही महिन्यांत इस्त्रीची हिंदीही गेली. आजींच्या तोंडी फक्त निकेरी राहिली.

एका रात्री धाकट्या नातीचा फोन आला. आजी तासभर काहीतरी मागतायत, कळत नाही, तू ये. ही मुलगी आजींच्या मांडीवर वाढलेली, आता वकील, आजीवर जीव टाकणारी. मी पोचले तेव्हा पलंगाशेजारच्या मेजावर पाण्याचे पाच-सहा भरलेले ग्लास मांडलेले होते. "पानी, पानी म्हणतेय," नात डचमध्ये म्हणाली, "आणि प्यायला दिलं की ढकलते." तो एकच शब्द तिला येत होता, आणि आजीने तो उच्चारला की ती धावत जाऊन ग्लास भरून आणत होती. मी वाकून ऐकलं. आजींना प्यायला नको होतं. पाणी शेतात साचलं होतं. रोप अजून कोवळं, उतार मिळाला नाही तर कुजणार होतं, आणि दार उघडायला कुणी जात नव्हतं. त्या भावाच्या नावाने हाका मारत होत्या. मी ते डचमध्ये नातीला सांगितलं. बस्ती जिल्ह्यातून निघालेल्या माणसाची नात आपल्या नातीशी बोलत होती आणि मधे बसून अर्थ सांगायला वर्ध्याची बाई लागत होती. नात ग्लास उचलून बेसिनमध्ये ओतू लागली, एकेक करून. मग म्हणाली, "तिला सांग, दार उघडलं." मी माझ्या हिंदीत सांगितलं. आजींना ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी माझं मनगट सोडलं.

आजी हिवाळ्यात गेल्या. स्मशानविधी डच पद्धतीच्या दालनात झाला. पंडितजींनी मंत्र संस्कृतात म्हटले आणि अर्थ डचमध्ये सांगितला, कारण समोर बसलेल्यांत हिंदी समजणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. सरनामीचा एक शब्द त्या दालनात उच्चारला गेला नाही. ती बोलणारी तेवढी एकच होती आणि ती पेटीत होती.

त्या शेवटच्या महिन्यांत नातीने आपल्या मोबाइलवर आजींचं बोलणं वेळोवेळी टिपून ठेवलं होतं. समजत नव्हतं म्हणूनच टिपलं, ती म्हणते. आता सवड मिळेल तशा आम्ही दोघी बसतो. ती रोमनमध्ये लिहिते, मी देवनागरीत. एखाद्या वाक्यावर अख्खी दुपार जाते. जे अडतं ते ती आजींच्या निकेरीतल्या भाच्याला पाठवते. तो भातशेती करतो, कामावरून परतला की लांबलचक आवाजी निरोप धाडतो. पाण्याचं त्याने लगेच ओळखलं. घरामागचा सखल तुकडा, म्हणाला, तिथे अजूनही पाणी साचतं, यंदाही साचलं. एक ध्वनिफीत मात्र त्यालाही सुटली नाही. आजी त्यात गातायत, दोन ओळी, मग थांबतात. बाळंतपणानंतर बायका गातात त्यांतलं आहे, एवढं तो सांगू शकला. त्या खोलीत पुरुषांना कधी घेतलंच नाही, आणि थोरल्या आत्याला माहीत असतं पण आता ती नाही. आजी थांबतात तिथे बहिणीने पुढची ओळ म्हणायची असणार, हे माझ्या लक्षात आलं ते रविवारच्या त्या फोनमुळे. पारामारिबोत आपल्या लोकांसाठी चालणारं एक रेडिओ केंद्र आहे. नातीने त्यांना पत्र लिहिलं आहे, की या दोन ओळींच्या पुढचं कुणा बाईला येत असेल तर कळवावं. पत्र डचमध्ये आहे. खाली त्या दोन ओळी सरनामीत, आणि तिचा टेलिफोन नंबर.